नोंदवहीचा धनी कोण?

राज्यांच्या इतिहासात रणांगणांना आणि तहांना जे मानाचे स्थान लाभले, ते बिचाऱ्या दफ्तराला कधीच लाभले नाही. लढाई चार महिन्यांत निकालात निघते. परंतु कोणाचे नाव कोणत्या वहीत चढले, कोणाचे गळले, आणि गळलेल्याची दाद कोठे लागली, ह्यावर सामान्य प्रपंची माणसाचे सुखदुःख पिढ्यानपिढ्या अवलंबून राहते. ज्यांच्या घरी तलाठ्याचा उतारा, शिधापत्रिका किंवा निवृत्तिवेतनाचा कागद जपून ठेवलेला आहे, त्यांस हे निराळे सांगावयास नको.

ह्या जुन्या दफ्तराने गेल्या पंधरा-वीस वर्षांत नवा अवतार धारण केला आहे. माणसाची ओळख पटविणारी, पैशाची देवघेव क्षणात उरकणारी, सरकारी साहाय्य थेट खात्यात टाकणारी जी संगणकांची विशाल जाळी अनेक देशांनी उभारली आहेत, त्यांस ‘डिजिटल सार्वजनिक पायाभूत सुविधा’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. २०२३ साली नवी दिल्लीस भरलेल्या जी-२० परिषदेच्या जाहीरनाम्यात ह्या नावास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. बंगळूर येथील एका शिक्षणसंस्थेत २०१८ साली ‘मोसिप’ नावाची ओळखयंत्रणा तयार करण्याचे काम सुरू झाले. ती विनामूल्य असून मोरोक्को, फिलिपीन्स, इथिओपिया अशा देशांनी स्वीकारली आहे. ज्या देशाने शंभर वर्षे परकीयांची यंत्रे आयात केली, त्याने आता राज्यकारभाराचे यंत्र निर्यात करावे, ही अभिमानाची गोष्ट होय, ह्यात संशय नाही.

तथापि ‘पायाभूत सुविधा’ ह्या शब्दाने मनाची थोडी फसगत होते. तो ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे रस्ते, पूल आणि कालवे उभे राहतात. परंतु रस्ता वाटसरूस त्याचे नाव विचारीत नाही. आणि पाटाचे पाणी अंगठा उमटवून घेतल्यावाचून शेतात शिरत नाही, असेही कोणी ऐकलेले नाही. ही नवी सुविधा मात्र प्रथम ‘तू कोण?’ असे विचारते, आणि उत्तर पटले तरच पुढे जाऊ देते. म्हणजे तिचे कूळ रस्त्याचे नसून नोंदवहीचे आहे. नोंदवहीचा इतिहास एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगतो. वही किती बिनचूक आहे ह्यापेक्षा, ज्याचे नाव तीत आहे त्यास ती उघडून पाहण्याचा आणि तिच्या धन्यास जाब विचारण्याचा अधिकार आहे की नाही, ह्यावर तिचा न्याय-अन्याय ठरतो.

अंगठ्याच्या निशाणीचाच विचार करू. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा पुरवठा करणाऱ्या राज्यधर कोनाई ह्या ठेकेदाराकडून कराराच्या पाठीवर हाताचा ठसा घेतला. पुढे त्याने ‘ही सही माझी नव्हे’ असे म्हणू नये, एवढाच हेतू होता. १८७७ मध्ये हुगळीस असताना हर्शेलने हीच युक्ती निवृत्तिवेतन घेणाऱ्यांस लागू केली. मृताच्या नावावर दुसराच कोणी पैसे उचलतो, ही त्याची तक्रार होती. आणि ती खोटीही नव्हती. बनावट लाभार्थ्यांविषयी आज जे बोलले जाते, त्याचे बीज येथे आहे. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांची कचेरी स्थापन झाली. ठशांची वर्गवारी करण्याची जी पद्धती एडवर्ड हेन्री ह्यांच्या नावाने जगभर गेली, तिच्यामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोन हिंदी अंमलदारांची बुद्धी होती. येणेप्रमाणे ठशांचे शास्त्र आपल्याच भूमीत वाढले. पण ते अशा राज्यात वाढले, की जेथे ठसा घेणारा प्रश्न विचारी आणि देणाऱ्याने केवळ उत्तर द्यावे.

त्याच काळात महाराष्ट्रात दुसऱ्या एका वहीची कथा घडत होती. ती वही सावकाराची. कुणबी खतावर नांगराची निशाणी करी. खतात काय लिहिले आहे, व्याज किती चढले, फेड किती जमा झाली, हे त्यास ठाऊक नसे. न्यायालयात मात्र ‘कागद बोलतो’ म्हणून हुकूमनामा होई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे ह्या असंतोषाचा भडका उडाला, आणि दंगा पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवावर फारसा नव्हता. त्यांस खते आणि हुकूमनामे हवे होते, आणि ते हाती लागताच त्यांची होळी होई. ह्या दंग्याचा परिणाम म्हणून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. त्यात व्याज, कैद, जप्ती ह्यांविषयीच्या तरतुदी होत्याच. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या त्या निराळ्या. खत नोंदणी अंमलदारासमोर व्हावे, पैसे पोचल्याची पावती मिळावी, वर्षाचा हिशेब लेखी द्यावा, असा हक्क कुळास मिळाला. सावकारी त्यामुळे नाहीशी झाली नाही. परंतु वही राखणाऱ्याने हिशेब दाखविलाच पाहिजे, हे तत्त्व कायद्यात शिरले. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात लेखणी चालविणाऱ्यांच्या सत्तेवर जो प्रहार केला, त्याचेही मर्म हेच होय.

अंगठ्याचा ठसा समुद्र ओलांडून गेला, तेव्हा हा प्रश्न अधिक तीव्र झाला. १९०६ साली ट्रान्सव्हालच्या सरकारने आशियाई रहिवाशांच्या सक्तीच्या नोंदणीचा मसुदा काढला. बोटांचे ठसे द्यावेत, परवाना सदैव जवळ बाळगावा, आणि पोलिसाने मागताच तो दाखवावा, असा त्याचा आशय होता. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात भरलेल्या सभेत हिंदी लोकांनी ह्या कायद्यापुढे मान न तुकविण्याची शपथ घेतली. सत्याग्रहाचा जन्म तेथलाच. गांधीजींनी हेन्रीचे ठशांवरील पुस्तक वाचले होते, आणि कायद्याने ठसे केवळ गुन्हेगारांकडूनच घेतले जातात, असे त्यांस त्यातून दिसून आले होते. तरीही १९०८ च्या आरंभी जनरल स्मट्सशी तडजोड होताच त्याच गांधींनी आपण होऊन ठसे दिले, आणि त्यापायी आपल्याच एका पठाण बांधवाच्या लाठीचा मार खाल्ला. ह्यात विसंगती नाही. त्यांचा विरोध शाईला नव्हता. ज्या विधिमंडळात हिंदी माणसास मत नाही, त्याने त्याच्यावर अविश्वासाचा शिक्का सक्तीने मारावा, ह्याला होता. कायदा मागे घेतला जाणार नाही, असे दिसून आल्यावर १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीच्या पटांगणात दोन हजारांहून अधिक परवाने अग्नीच्या स्वाधीन करण्यात आले. सुप्याचा अग्नी क्षुब्ध जमावाचा होता, जोहान्सबर्गचा संयमी निग्रहाचा. दोहोंत जळला तो मात्र कागदच.

हीच रीत इंग्रजांनी पूर्व आफ्रिकेतही नेली. केनियात १९१५ च्या वटहुकुमान्वये, आणि महायुद्ध संपल्यावर प्रत्यक्षात, प्रौढ आफ्रिकी पुरुषास ‘किपांडे’ नावाचा कागद धातूच्या डबीत घालून गळ्यात बाळगावा लागे. त्यावर त्याचे ठसे आणि त्याच्या चाकरीची हकीकत असे. मालक सोडून मजूर पळाला, तर तो ओळखता यावा, हे त्याचे प्रयोजन. केनियातील लोकांच्या स्मरणातून ती डबी अद्याप गेलेली नाही. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

परंतु नोंदवही जुलमाचीच असते, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. स्वतंत्र भारताने पहिले मोठे कार्य केले, तेही एका नोंदवहीचेच. ती म्हणजे प्रौढ मताधिकाराची मतदारयादी. १९५१-५२ च्या निवडणुकीसाठी सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची नावे तीत चढली. ही यादी तयार करताना कित्येक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले, आणि अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गाळावी लागली. दोष होता, आणि तो लहान नव्हता. परंतु यादीचा मसुदा लोकांपुढे मांडून हरकती व दावे मागविण्याची पद्धत होती. किती नावे गळली हे सरकारी अहवालात छापले गेले. आणि ज्यांची नावे त्यात होती, त्यांच्याच मतांवर सरकार टिकणार होते. वही तीच, धनी बदलला होता.

आता ‘आधार’कडे वळू. २८ जानेवारी २००९ रोजी नियोजन आयोगाच्या एका अधिसूचनेने विशिष्ट ओळख प्राधिकरण स्थापन झाले, आणि नंदन नीलेकणी त्याचे अध्यक्ष झाले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या आदिवासी गावी पंतप्रधान मनमोहन सिंग ह्यांच्या उपस्थितीत पहिला आधार क्रमांक एका ग्रामीण स्त्रीस देण्यात आला. ह्या योजनेमागील हेतूंची थट्टा करणे योग्य नाही. ज्याच्यापाशी जन्माचा दाखला नाही, शाळेचा नाही, जमिनीचा नाही, अशा माणसास सरकारी कचेरीत ‘तू कोण?’ ह्या प्रश्नाने आजवर परतवून लावले होते. बीडचा ऊसतोड मजूर सहा महिने परमुलखात असतो. त्याची शिधापत्रिका गावात आणि पोट कारखान्याच्या तळावर. २०१९ पासून सुरू झालेल्या आणि २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोचलेल्या ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेने धान्य कोठेही उचलण्याची जी सोय झाली, ती ह्या क्रमांकावाचून झाली नसती.

चूक झाली ती क्रमात. आधी यंत्र आले आणि मग कायदा. २०१० मध्ये राज्यसभेत मांडलेले विधेयक वित्तविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०११ मध्ये अमान्य केले. तरी नोंदणी चालूच राहिली. २०१२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी ह्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि केवळ आधार नाही म्हणून कोणाचे नुकसान होऊ नये, असा अंतरिम आदेश २३ सप्टेंबर २०१३ रोजी झाला. अखेर २०१६ च्या मार्चमध्ये कायदा झाला, तोही धनविधेयकाच्या स्वरूपात. त्यामुळे राज्यसभेने सुचविलेल्या दुरुस्त्या लोकसभेने त्याच दिवशी बाजूस सारल्या. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात चौघांनी सरकारी साहाय्यासाठी आधारची अट वैध मानली, परंतु खासगी कंपन्यांचा वापर, तसेच बँकेची खाती व भ्रमणध्वनी ह्यांची सक्ती रद्द केली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड ह्यांनी एकट्याने संपूर्ण कायदाच घटनाविरोधी ठरविला. ह्या कायद्याच्या ४७ व्या कलमाकडे वाचकांनी अवश्य लक्ष द्यावे. मूळ कलमानुसार ह्या कायद्याखालील गुन्ह्याची फिर्याद केवळ प्राधिकरणानेच करावयाची होती. म्हणजे माझ्या ठशाची चोरी झाली, तरी फिर्यादी मी नव्हे. वहीचा धनीच फिर्यादी! हे कलम सुधारावे असे न्यायालयाने सुचविले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने व्यक्तीस मर्यादित स्वरूपात तो हक्क मिळाला. १८७९ मध्ये कुळास जे मिळाले, त्याचा एक अंश मिळविण्यास स्वतंत्र नागरिकास दहा वर्षे वाट पाहावी लागली.

ह्या क्रमविपर्ययाची किंमत कोण देतो, हे स्वस्त धान्य दुकानासमोरील रांगेत दिसते. आयुष्यभर कोयता-फावडे चालविलेल्या हाताच्या रेषा झिजतात. म्हातारपणी तर अधिकच. अशा माणसास दुकानदार सांगतो, ‘अंगठा लागत नाही.’ ह्या तीन शब्दांवर अपील नाही. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात एक अकरा वर्षांची मुलगी मरण पावली. शिधापत्रिका आधारशी न जोडल्यामुळे रद्द झाली आणि घरात धान्य उरले नाही, असे कुटुंबीयांनी सांगितले. मृत्यू भुकेने नसून आजाराने झाला, असे सरकारने म्हटले. मृत्यूच्या कारणाविषयी वाद असू शकेल. पण पत्रिका रद्द करण्यापूर्वी त्या घराचे म्हणणे कोणी, कोठे ऐकून घ्यावयाचे होते, ह्या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थेपाशी नव्हते. मुरलीधरन, नीहाउस आणि सुखटणकर ह्या अर्थशास्त्रज्ञांनी दोन राज्यांत केलेल्या अभ्यासांची तुलना येथे उद्बोधक आहे. आंध्र प्रदेशात ठशांच्या स्मार्टकार्डमुळे रोजगार हमीची मजुरी लवकर मिळू लागली व गळती घटली. तेथे कार्ड नसलेल्यासही पैसे देण्याची वाट मोकळी ठेवलेली होती. झारखंडमध्ये शिध्यासाठी आधारच्या ठशाची सक्ती झाली, तेव्हा गळती कमी झाल्याचे दिसले नाही. आणि ज्यांचे कार्ड आधी जोडलेले नव्हते, त्यांच्या शिध्याचे मूल्य सुमारे १० टक्क्यांनी घटले. विज्ञान दोहोंकडे एकच; नियम निराळा, म्हणून फळही निराळे.

हा धडा आपल्यापेक्षा इतरांनी अधिक लवकर गिरविला, असे म्हणावे लागते. जमैका बेटात २०१७ च्या कायद्याने राष्ट्रीय नोंदणी सक्तीची झाली, आणि नोंद न करणे हा गुन्हा ठरला. १२ एप्रिल २०१९ रोजी तेथील न्यायालयाने तो संपूर्ण कायदा रद्द केला. मुख्य न्यायमूर्ती ब्रायन साइक्स ह्यांनी भारतातील बहुमताच्या निकालापेक्षा चंद्रचूड ह्यांचे अल्पमत अधिक ग्राह्य मानले. दिल्लीत हरलेला युक्तिवाद किंग्स्टनमध्ये जिंकला. पुढे २०२१ मध्ये जो नवा कायदा झाला, त्यात नोंदणी ऐच्छिक आहे. केनियात २०१९ च्या एप्रिलमध्ये ‘हुदुमा नंबा’ची मोठी नोंदणी झाली. सुदानमधून इंग्रजांनी आपल्या फौजेबरोबर आणलेल्या नुबी लोकांचे वंशज तेथे राहतात. ओळखपत्रासाठी त्यांस दीर्घकाळ विशेष तपासणीस तोंड द्यावे लागत होते. त्यांच्याच एका संघटनेने न्यायालय गाठले. गळ्यातील डबीचा अनुभव असलेल्या देशात अशी सावधगिरी असावी, ह्यात नवल नाही. ३० जानेवारी २०२० रोजी नैरोबीच्या उच्च न्यायालयाने आनुवंशिक द्रव्य आणि घराचा उपग्रहाने काढलेला ठावठिकाणा गोळा करणे अवैध ठरविले, आणि संपूर्ण नियमव्यवस्था केल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे सांगितले. १४ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याच न्यायालयाने, माहितीच्या सुरक्षिततेवरील परिणामांची आधी तपासणी न केल्यामुळे, कार्डांचे वाटप बेकायदा ठरविले. ‘आधी नियम, मग यंत्र’ हे तत्त्व ह्या दोन निकालांत स्पष्टपणे उतरले आहे.

न्यायालय हा अखेरचा उपाय झाला. प्रथमचा उपाय कोणता, ह्याचे उत्तर राजस्थानच्या खेड्यांनी दिले आहे. तेथील मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी कोट किराना गावी पहिली जनसुनावणी भरविली. सरकारी कामाचे हजेरीपट सर्वांसमक्ष मोठ्याने वाचले गेले, आणि ज्यांची नावे वाचली, तेच तेथे बसलेले असल्यामुळे कोणती नोंद खोटी हे क्षणात उघड झाले. ह्या चळवळीतून, आणि महाराष्ट्रात अण्णा हजारे ह्यांच्या आंदोलनातून, माहितीच्या अधिकाराचा विचार वाढला. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा. पुढे २०१९ मध्ये राजस्थान सरकारने ‘जनसूचना’ संकेतस्थळ उघडले. कोणास किती धान्य मिळाले, कोणाचे काम कोठे अडले, हे न मागता तेथे पाहता येते. आणि त्याची रचना करताना सरकारी अधिकारी व लोकसंघटना एकत्र बसल्या होत्या. संगणक तोच, पण त्याचे तोंड सरकारकडून लोकांकडे वळविलेले.

कोणी म्हणेल, अब्जावधी लोकांचा कारभार चावडीवर वाद घालून कसा चालेल? आक्षेप अगदीच पोकळ नाही; वेगाचेही मोल आहे, आणि उशिरा पोचलेला शिधा हा नाकारलेला शिधाच होय. परंतु दाद देण्यासाठी सारे काम थांबवावे लागत नाही. अंगठा न लागल्यास दुसरी वाट तेथल्या तेथे मोकळी असावी; नाव गाळण्यापूर्वी लेखी सूचना आणि ऐकून घेणारा अधिकारी असावा; किती जणांस यंत्राने परतविले, ह्याचा आकडा प्रत्येक जिल्ह्यात दरमहा प्रसिद्ध व्हावा; आणि यंत्र चालविणाऱ्यावर देखरेख ठेवणारी संस्था त्याच्याच मर्जीतील नसावी. ह्या शेवटच्या कसोटीवर आपला २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा तोकडा पडतो. त्यातील मंडळाच्या नेमणुका केंद्र सरकारने करावयाच्या आहेत, सरकारी संस्थांस सूट देण्याचा अधिकारही सरकारलाच आहे, आणि माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलम त्याने पूर्वीपेक्षा अधिक कडक केले आहे. वही आपली माहिती मागते, पण आपण वहीची माहिती मागू लागलो की दार लोटून घेते, ही रीत लोकसत्तेची नव्हे.

जंगीपूरच्या त्या ठेकेदारास करारावर हात उमटविताना, ह्याची एक प्रत मलाही हवी, असे म्हणण्याची सोय नव्हती. तो प्रजाजन होता. आज ज्याचा अंगठा दुकानातील यंत्रावर टेकतो, तो नागरिक आहे; त्याच्याच करातून ते यंत्र विकत घेतलेले आहे. ठसा न जुळल्यास खुलासा त्याने का करावा? तो यंत्राच्या धन्याने करावयाचा आहे. आणि तसे कायद्याने बांधून घेतल्यावरच ह्या सुविधेस ‘सार्वजनिक’ हे विशेषण शोभेल.